मदत हवी आहे: नाचकामातून आलेल्या घोडीचे नाल काढायचे आहेत, पण ती पाय धरू देत नाही

माळावरची

नमस्कार मंडळी. पुरंदर तालुक्यात आमची शेती आहे, सगळी मुरमाड माळाची. सारंगखेड्याच्या घोडेबाजारातून काकांनी एक काठेवाडी घोडी आणली. नाव रेवा, दातांवरून आठ-नऊ वर्षांची. आधी ती वरातीत नाचायची. आता तिला त्या कामाला पुन्हा जुंपायचं नाही हे घरात सगळ्यांनी ठरवलंय. तिने माळावर हिंडावं, पुढे जमलं तर आम्ही हलकी रपेट करावी, एवढीच अपेक्षा.

अडचण खुरांची आहे. चारही पायांना नाल आहेत आणि ते फार दिवस बदललेले नाहीत, खुराची भिंत (बाहेरचं कठीण कवच) नालाच्या बाहेर वाढून आलीय. पुढच्या दोन्ही टाचा आत ओढल्यासारख्या अरुंद झाल्यात. तळव्याच्या मधला जो त्रिकोणी, रबरासारखा भाग असतो (फ्रॉग), तो सुकून पट्टीएवढा उरलाय. त्याच्या खाचेतून काळा चिकट मळ निघतो आणि कुजका वास येतो. पुढच्या खुरांवर आडव्या वळ्या दिसतात. खडीवर ती पाऊल जपून टाकते, मऊ मातीत बरी चालते.

आमच्याकडचे नालबंद मुख्यतः बैलांना पत्र्या मारतात. ते म्हणाले, पाडून पाय बांधू, नाहीतर वरच्या ओठाला दोरीचा पीळ घालू, मग उभी राहील. मी नको म्हटलं. तिच्या मागच्या पायांवर, खुरांच्या जरा वर, पिछाडीच्या दोरीचे जुने वण आहेत. मागच्या पायाकडे हात नेला की अंगभर कातडी थरथरते आणि ती लाथ उगारते. पुढचा पाय क्षणभर देते, लगेच ओढून घेते. खाली पाडून केलेलं काम एकदाचं होईल, पण त्यानंतर ती मला कधी जवळ येऊ देईल का?

सध्याचं खाणं: ज्वारीचा कडबा, थोडं डोंगरी गवत, आणि सकाळ-संध्याकाळ तोबऱ्यातून चंदी. चंदीत भिजवलेले हरभरे, गव्हाचा कोंडा आणि गूळ. आधीच्या मालकांनी असंच द्यायला सांगितलंय. रात्री ती शहाबादी फरशीवर बांधलेली असते.

नाल काढून तिला अनवाणी ठेवावं असं मनात आहे. लगेच काढावेत की थांबावं? खूर कसे आणि किती तासायचे? आमच्या दगडगोट्यांच्या जमिनीवर ते टिकतील का? आणि सगळ्यात आधी, पाय हातात द्यायला तिला कसं शिकवू? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

डोंगरवाट

ताई, पाडू दिलं नाहीत हे फार चांगलं केलंत.

आमचं घर माथेरानचं, घरात पिढ्यान्‌पिढ्या घोडी आहेत. दस्तुरी नाक्यापुढे पर्यटकांची गाडी जात नाही, त्यामुळे माणसं आणि सामान वर न्यायचं काम आमची जनावरं करतात. आमची घोडी नालाशिवाय चालणार नाहीत हे प्रामाणिकपणे सांगतो. पाठीवर वजन, रोजचा चढ-उतार, जांभा दगड. खूर वाढतो त्यापेक्षा जास्त झिजतो. तेव्हा नाल म्हणजे क्रूरपणा असं कोणी लिहिलं तर मी भांडेन. पण रेवाला ओझं नाही, रोजची मजुरी नाही. तिला नालाची गरजच काय?

पाय उचलण्याचं सांगतो. वडिलांनी आम्हाला जे शिकवलं तेच.

सुरुवात मागच्या पायाने करू नका. तिला बांधूनही ठेवू नका, मोरखीची (तोंडात कडी नसलेल्या, डोक्यावरून बांधलेल्या पट्ट्याची) दोरी ओळखीच्या माणसाने सैल धरावी. डाव्या खांद्याशी उभ्या राहा, बोलत राहा, आणि तळहात खांद्यावरून खाली सरकवत न्या. जिथे ती आक्रसते तिथे हात थांबवा. तिथेच ठेवा, दाबू नका. तिने श्वास सोडला, मान खाली केली, ओठ चाटले की हात काढून घ्या. सगळी कला हात काढण्याच्या वेळेत आहे. तिने पाय झटकला आणि तुम्ही हात काढलात, तर झटकलं की सुटका होते हे ती शिकते. ती शांत असताना काढलात, तर शांत राहिलं की सुटका होते हे शिकते. हात तिथे टिकत नसेल तर वर खांद्याकडे न्या, पण सोडू नका.

हे गुडघ्यापर्यंत जमलं की खांद्याने तिला हलकंसं रेटा, म्हणजे वजन दुसऱ्या पायावर जाईल. खूर जरासा सुटला की लगेच स्वतःच खाली ठेवा, तिने ओढायच्या आधी. पाय सोडून देऊ नका, हाताने टेकवा. बक्षीस म्हणून गाजराचा काप द्या, गूळ नको. मग एक श्वास धरायचा, दोन श्वास, असं हळूहळू वाढवायचं.

मागच्या पायांसाठी लांब काठीला मऊ कापड गुंडाळा आणि त्याने लांबूनच पुठ्ठ्यापासून, म्हणजे कमरेच्या मागच्या भागापासून, खाली चोळत या. लाथ बसली तर ती काठीला बसेल, आणि तुम्ही न दचकता तिथेच राहू शकाल. अगदी मागे उभं राहायचं नाही, घोड्याला तिथलं दिसत नाही. रोज थोडा वेळ करा आणि तिचं चांगलं चाललेलं असतानाच थांबा.

आणखी एक. एक पाय उचलला की त्या बाजूचा सगळा भार उरलेल्यांवर येतो. तळवे दुखत असतील तर शहाबादी फरशीवर ती पाय देणारच नाही, आणि आपण तिला हट्टी म्हणू. हे सगळं मऊ मातीत किंवा जाड रबरी चटईवर उभी करून करा.

पशुवैद्य_सोलापूर

वरचा शेवटचा परिच्छेद पुन्हा वाचावा अशी विनंती. पाय न देणाऱ्या घोड्यात दुखणं आधी शोधायचं असतं.

माळावरची, मला वळ्यांची काळजी वाटते. त्या पुढून मागे सारख्या अंतरावर असतील तर बहुधा ऋतू किंवा खाणं बदलल्याची खूण. टाचेकडे अंतर वाढत जात असेल तर लॅमिनायटिस होऊन गेल्याची शंका घ्यावी लागते. या आजारात खुराची भिंत आणि आतलं हाड यांना जोडणाऱ्या पापुद्र्यांची पकड सैल होते. मागून स्नायुबंध हाडाला ओढत असतो, त्यामुळे हाड फिरू किंवा खाली उतरू शकतं. मिरवणुकीच्या घोड्यांना गूळ आणि भरपूर दाणा मिळतो, म्हणून मी हे विचारतो. नाल काढण्यापूर्वी पुढच्या पायांचे बाजूने एक्स-रे काढून घ्या. हाडाखाली तळव्याची जाडी साधारण १५ मिलिमीटर असावी. त्याहून बरीच कमी असेल तर संरक्षणाशिवाय तिला चालवणं बरोबर नाही. शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय तुम्हाला जवळ आहे, तिथे चौकशी करा. अचानक खूर गरम लागले, घोट्याच्या मागची नाडी ठणठण उडताना जाणवली, किंवा ती पुढचे पाय समोर ताणून मागे रेलून उभी राहिली, तर तो तातडीचा प्रसंग समजा.

खाण्याबद्दल. गूळ आजच बंद. कोंड्यात फॉस्फरस फार आणि कॅल्शियम कमी असतं, रोज भरपूर कोंडा खाणाऱ्या घोड्याची हाडं कमजोर होतात. हरभरे आणि कोंडा हळूहळू, दहा-बारा दिवसांत कमी करत न्या. पोटासाठी घोड्याला दाण्यापेक्षा चारा हवा. वजनाच्या दीड ते दोन टक्के कोरडा चारा, म्हणजे ३५० किलोच्या घोडीला दिवसाला पाच ते सात किलो, आणि तो दिवसभर थोडा थोडा. पोटातलं आम्ल अखंड तयार होत असतं, त्यामुळे तासन्‌तास रिकामं पोट त्रास देतं. मारवेलचं वाळलेलं गवत मिळालं तर उत्तम. ते पाऊण तास पाण्यात भिजवून, ते पाणी फेकून दिलं तर साखर आणखी कमी होते. उसाचे वाढे नकोत. हिरवी, विशेषतः कोवळी ज्वारी घोड्याला अजिबात नको, तिने मूत्राशयाचा आणि मागच्या पायांच्या ताकदीचा गंभीर आजार होतो. मीठ चाटायला ठेवा.

धनुर्वाताची लस झाली आहे का? घोडा या रोगाला फार लवकर बळी पडतो आणि जंतू खुराच्या जखमेतूनच शिरतात. माहिती नसेल तर नव्याने दोन डोस, चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने, मग दरवर्षी.

फ्रॉगच्या खाचेतली कूज रोज ब्रशने धुऊन कोरडी करा आणि पातळ केलेलं पोव्हिडोन आयोडीन कापसाच्या पट्टीने आत भरा. रॉकेल, फिनेल, तीव्र मोरचूद यांनी जिवंत भाग भाजतो, आणि मग ती पाय का देईल?

दूरदेशी

मी नेदरलँड्समध्ये असते आणि काही वर्षं अनवाणी घोड्यांचे खूर तासते. मूळची बारामतीची, त्यामुळे तुमचा मुरूम डोळ्यांसमोर आहे.

अनवाणी ठेवणं म्हणजे नाल उपटून टाकणं, असा समज इथेही असतो आणि त्यातच घोड्यांचे हाल होतात. खूर पुढच्या टोकाच्या बाजूने महिन्याला जेमतेम सहा ते दहा मिलिमीटर वाढतो. वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत नवी भिंत उतरायला नऊ महिने ते वर्ष जातं. आज खाणं सुधारलंत तर त्याचं फळ पुढच्या वर्षी जमिनीला टेकेल. तोवर जुन्या, कमकुवत भिंतीवरच तिला निभवायचं आहे.

नाल काढताना आधी भिंतीबाहेर वळवलेली खिळ्यांची टोकं कानशीने घासून किंवा सरळ करून घ्यायची, मग खिळे एकेक करून काढायचे. एका हिसक्यात नाल ओढला तर भिंतीचे तुकडे सोबत येतात. हे काम तुमचे नालबंद काका उत्तम करतील, खिळ्यांचं ज्ञान त्यांच्या हातात आहे. फक्त रेवा आधी पाय द्यायला शिकू दे.

तासताना तळवा कोरायचा नाही. सुटलेला पांढरा भुगा निघेल तेवढाच काढा. फ्रॉगची लोंबणारी साल सोडून त्याला सुरी लावू नका. भिंत तळव्याच्या पातळीपर्यंत आणायची, त्याहून खाली कधीच नाही, आणि बाहेरची कड कानशीने गोल करायची म्हणजे ती फाटत नाही. अरुंद टाचा उघडण्यासाठी आतले कोपरे खोदणारे लोक भेटतील, त्यांना लांब ठेवा. टाच रुंद होते ती फ्रॉग जमिनीला टेकून काम करू लागला की. पुढे चार ते सहा आठवड्यांनी थोडं थोडं तासत राहायचं.

ही कड गोल करण्याची पद्धत मोकाट घोड्यांवरून आली. जेमी जॅक्सन या अमेरिकन नालबंदाने १९८० च्या दशकात तिथल्या ग्रेट बेसिन या कोरड्या प्रदेशातल्या मस्टँग नावाच्या मोकाट घोड्यांचे खूर अभ्यासले आणि घोडे अनवाणी ठेवायची ही चळवळ तिथून पसरली.

जमिनीचं म्हणाल तर सुमारे २४०० वर्षांपूर्वी झेनोफॉन या ग्रीक सेनानीने लिहून ठेवलंय: तबेल्याबाहेर मुठीत मावतील असे गोल गोटे चार-पाच गाड्या पसरा आणि खरारा करताना घोड्याला त्यावर उभं करा, खूर घट्ट होतात. आम्ही आजही हेच करतो, फक्त गोटे वाटाण्याएवढे बारीक. पाण्याच्या टाकीभोवती पसरले की ती दिवसातून अनेकदा आपोआप त्यावर उभी राहते. क्रशरची धारदार खडी मात्र नको. आणि कूज बरी होईपर्यंत रात्रीची जागा कोरडी ठेवा.

पशुवैद्य_सोलापूर

दूरदेशी यांच्याशी बहुतांश सहमत. मात्र मोकाट घोड्याचा खूर आदर्श धरू नये. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड विद्यापीठात हॅम्पसन आणि पोलिट यांनी तिथल्या मोकाट ब्रम्बींचा अभ्यास केला. हे घोडे दिवसाला सरासरी सुमारे १६ किलोमीटर चालतात, खूर जमिनीप्रमाणे बदलतात, आणि त्यांच्यातही खुरांचे आजार भरपूर आढळले. रेवाच्या खुराला रेवाची जमीन आणि रेवाचं चालणं घडवेल.

माळावरची

सगळ्यांचे मनापासून आभार. गूळ बंद केला आहे. वळ्या पुन्हा नीट पाहिल्या, त्या टाचेकडे रुंद होतात, त्यामुळे एक्स-रे आधी, बाकी सगळं नंतर. लसीचा कागद काही मिळाला नाही, तेव्हा दोन्ही डोस नव्याने देऊ. नालबंद काकांशीही बोलले. पाय देऊ लागली की फक्त खिळे काढायला येतो म्हणाले, आणि तोवर अधूनमधून येऊन तिच्याजवळ नुसतं उभं राहायचंही कबूल केलं.

दोन शंका उरल्या. नाल काढल्यावर ती लंगडली तर पुन्हा मारायचे का? आणि तिच्या सामानात आलेल्या लगामाच्या तोंडातल्या कडीला टोकदार काटे आहेत. तिच्या ओठांच्या कोपऱ्यांत गाठी लागतात. साध्या कडीवर ती थांबेल का?

दूरदेशी

खडीवर जपून चालणं आणि मऊ जमिनीवर लंगडणं यात फरक करा. पहिलं काही महिने चालेल, तिला मऊ वाटेने न्या. मऊ जमिनीवरही लंगडली तर डॉक्टरांना दाखवा, आणि त्यांनी सांगितलं तर नाल पुन्हा मारायला बिलकूल संकोच नको. खुराचे बूट मागवणार असाल तर माप तासल्या दिवशीच घ्या, लांबी आणि रुंदी दोन्ही. कडेने तिचा चालतानाचा व्हिडिओ काढून ठेवत जा. सपाट चालीत टाच आधी टेकू लागली की खुराचा मागचा भाग बरा होतोय असं समजा.

डोंगरवाट

काटेरी कडी वापरायला कायद्यानेच मनाई आहे, ओढकामाच्या आणि भारवाहू जनावरांसाठीच्या १९६५ च्या नियमांत तसं स्पष्ट आहे. ती कडी तिच्या तोंडात पुन्हा घालू नका. सध्या कडीच नको, मोरखीवर चालवा. थांबणं जमिनीवरूनच शिकवा: तुम्ही थांबलात, श्वास सोडलात, ती थांबली की दोरी सैल. न थांबली तर दोरीला हलका ताण, आणि थांबताक्षणी सैल. हे पक्कं झाल्याशिवाय कोणी पाठीवर बसू नये. आणि बसायच्या आधी तिचे दात डॉक्टरांकडून तपासून घ्या, दाढांच्या कडा धारदार झाल्या असतील तर त्याही तोंडात टोचतात.