मदत हवी आहे: क्रुसेडर किंग्ज ३ या कॉम्प्युटर गेममध्ये भाडोत्री कप्तान

चौदाव्या शतकातल्या इटलीवर मॉड (मूळ गेममध्ये स्वतः केलेले बदल) करतोय. तिथले कप्तान शहरांशी मुदतीचा करार करून फौज उभी करत. जॉन हॉकवुड हा इंग्रज भाडोत्री कप्तान १३६४ मध्ये पिसाकडून फ्लॉरेन्सविरुद्ध लढला आणि पुढे फ्लॉरेन्सचाच सेनापती झाला! मला नेमकं हेच हवंय. मूळ खेळात पैसे टाका, टोळी घ्या. कप्तानाला स्वतःचं डोकंच नाही.

'स्पॉन आर्मी' इफेक्टने (फौज निर्माण करणाऱ्या स्क्रिप्टमधल्या आज्ञेने) फौज उभी राहते, पण शहराच्या शासकाच्या मालकीची. करार संपल्यावर उरलेले सैनिक कप्तानाकडे कसे न्यायचे? संख्या व्हेरिएबलमध्ये साठवून फौज नव्याने उभी करू, की त्याला भूमिहीन साहसवीर (गेममधलं जमीन नसलेलं पात्र) करू? आणि पगार थकल्यावर फितुरीचा इव्हेंट कुठल्या ऑन-अ‍ॅक्शनला (ठरावीक प्रसंगी आपोआप कोड चालवणाऱ्या सोयीला) जोडू? दरमहा तपासलं तर गेम रखडेल अशी भीती आहे. कुणाकडे चालणारा कोड असेल तर प्लीज टाका.