अक्कलदाढेच्या शस्त्रक्रियेत आईला अभंग ऐकवावेत का?

गोदाकाठ

नमस्कार. माझ्या आईचे वय ६१ आहे. तिची खालची डावी अक्कलदाढ हाडात आडवी अडकली असून पुढच्या आठवड्यात कॉलेज रोडवरच्या एका दवाखान्यात ती शस्त्रक्रियेने काढायची आहे. काही वर्षांपूर्वी एका ठिकाणी भूल पुरती चढण्याआधीच तिची दाढ उपटली गेली होती. तेव्हापासून खुर्चीत बसताच तिचे हात गार पडतात. रोज संध्याकाळी ती अभंग ऐकते आणि तेवढा वेळ सगळे दुखणे विसरते. शस्त्रक्रिया चालू असताना तिच्या कानात अभंग लावले, तर भीती आणि वेदना खरोखर कमी होतील का? डॉक्टरांना हे विचारणे वावगे तर दिसणार नाही ना?

दंतशल्य_पंचवटी

अवश्य विचारा, आणि जुना प्रसंग त्यांना आधी सांगा. संगीतापेक्षाही ते महत्त्वाचे आहे. वेदना अडवते ती भूल. खालच्या जबड्याची भूल चढायला काही मिनिटे लागतात, म्हणून अर्धा ओठ बधिर झाल्याचे आईंनी स्वतः सांगितल्याखेरीज सुरुवात करू नये, असे ठरवून घ्या.

भूल चढल्यावरही दाब आणि हादरे जाणवतातच, आणि घाबरलेल्या माणसाला तो दाबही वेदनाच वाटतो. संगीताचा उपयोग होतो तो इथे. मेल्झॅक आणि वॉल या वेदनेच्या अभ्यासकांनी १९६५ मध्ये मांडले की, वेदनेच्या संदेशांच्या वाटेवर जणू एक दार असते आणि लक्ष, भीती, आठवणी यांमुळे मेंदू ते कमीअधिक उघडतो. शस्त्रक्रियेपूर्वीच्या चिंतेवरील २६ चाचण्यांचा, म्हणजे २०५१ रुग्णांचा, कॉक्रेन आढावा (अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणारा अभ्यास) २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात संगीत ऐकणाऱ्यांची चिंता कमी आढळली. त्या चाचण्या केवळ दातांच्या नव्हत्या, तरी माझा अनुभव त्याच दिशेचा आहे.

एका गोष्टीची मात्र आईंना आधीच कल्पना द्या. ड्रिलचा आवाज जबड्याच्या हाडातूनही थेट अंतर्कर्णापर्यंत पोहोचतो, त्यामुळे हेडफोन कितीही चांगला असला तरी तो पुरता थांबत नाही.

तंबोरा

मी गायन शिकवते. अभंगांबद्दल थोडी शंका आहे. पाठ असलेला अभंग कानावर पडला की ओठ आणि जीभ नकळत शब्दांमागे जातात, आणि शेवटी लय चढते तेव्हा श्वासही चढतो. तोंड स्थिर ठेवायचे असताना ते अडचणीचे ठरेल. त्यापेक्षा बासरीवरील विलंबित आलाप किंवा नुसता तंबोरा लावावा, असे मला वाटते.

नाशिकरोडकर

मी नम्रपणे असहमत आहे. माझी दाढ काढताना दवाखान्याने त्यांच्या पसंतीचे मंद वाद्यसंगीत लावले होते. ते परके वाटले आणि माझे सगळे लक्ष ड्रिलकडेच राहिले. दुसऱ्या वेळी मी रोज ऐकतो तीच भजने घरून नेली, आणि पुढचे भजन कोणते याची वाट पाहता पाहता टाके पडलेसुद्धा. फोन विमान मोडवर ठेवा आणि भजने आधी उतरवून घ्या, नाहीतर ऐन वेळी जाहिरात किंवा कोणाचा तरी फोन येतो.

दंतशल्य_पंचवटी

दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे, पण निवड आईंनाच करू द्यावी. १९६० च्या सुमारास अमेरिकेत गार्डनर नावाच्या दंतवैद्याने लिकलायडर या मानसशास्त्रज्ञासह संगीत आणि धबधब्यासारखा आवाज ऐकवणारे यंत्र वापरले होते. आवाज वाढवण्याचे बटण रुग्णाच्या हाती असे. भुलीऐवजी आवाज, ही कल्पना पुढे मागे पडली. पण ते बटण रुग्णाकडे देणे मला आजही फार मोलाचे वाटते. म्हणून फोन आईंच्या हातात राहू द्या, आणि डावा हात वर केला की काम लगेच थांबेल, एवढे डॉक्टरांशी ठरवा. दाढ डावीकडची आहे, तेव्हा फक्त उजव्या कानात छोटा इयरफोन घालावा. डोक्यावरचा पट्टा मध्ये येतो. आवाज इतकाच ठेवा की "मान वळवा" हे ऐकू यावे.

गोदाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. काल आईला हे सगळे वाचून दाखवले. तिने अभंगच निवडले, मात्र संथ चालीचे, आणि काल संध्याकाळी ती अर्धा तास तोंड उघडे ठेवून, ओठ न हलवता ते ऐकत बसली होती. आज सकाळी दवाखान्यात फोन केला. डॉक्टरांनी इयरफोनला लगेच होकार दिला आणि ओठ बधिर होईपर्यंत थांबण्याचेही कबूल केले.