कलाकेंद्राचा जागतिक दर्जा: छपरात की आवाजात?

विंगेतून:
नवं कलाकेंद्र जाहीर झालं की आधी छपराचं चित्र दाखवतात. मला छप्पर नंतर दाखवा. शेवटच्या रांगेतल्या माणसाला गायिकेने घेतलेला श्वास ऐकू येणार का, ते आधी सांगा. सिडनी ऑपेरा हाऊसचंच बघा. १९५७ साली डॅनिश वास्तुरचनाकार उट्झन यांचा आराखडा निवडला गेला, ७० लाख डॉलरचा अंदाज १० कोटी २० लाखांवर गेला आणि १९७३ साली दारं उघडली. मधल्या काळात मोठं सभागृह फक्त वाद्यवृंदासाठी ठेवायचं ठरलं. ऑपेरासाठी बसवलेली यंत्रणा उपटून काढली आणि ज्याच्या नावाने इमारत उभी राहिली त्या ऑपेराला लहान सभागृहात पाठवलं. तिथे वादक अजून दाटीवाटीत बसतात. मोठ्या सभागृहाच्या ध्वनीची मोठी दुरुस्ती होऊन ते पुन्हा उघडायला २०२२ उजाडलं!

पायरीवरचा:
अजिबात सहमत नाही. ज्यांनी आयुष्यात ऑपेरा ऐकला नाही, तेही त्या पायऱ्यांवर जाऊन बसतात. त्यांच्यातलाच एखादा उद्या तिकीट काढतो. हॅम्बुर्गच्या एल्बफिलहार्मोनी या संगीत सभागृहावरही खर्चावरून किती टीका झाली. पण २०१६ पासून जुन्या गोदामाच्या माथ्यावरचा त्याचा सज्जा सगळ्यांना खुला आहे. कलेच्या दारात पाऊल टाकायचीच ज्याला भीती वाटते, त्याला आत आणायचं काम इमारत करते. श्वास ऐकू येण्याची गोष्ट त्यानंतरची.

विंगेतून:
आत आलेल्याला नीट ऐकू आलं नाही तर तो परत कशाला येईल? न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरमधलं वाद्यवृंदाचं सभागृह १९६२ साली उघडलं आणि आवाजाच्या तक्रारी लगेच सुरू झाल्या. १९७६ साली आतून पाडून पुन्हा बांधलं, तरी समाधान नाही. २०२२ साली ५५ कोटी डॉलर खर्चून परत नवं केलं, तेव्हा सुमारे ५०० खुर्च्या कमी केल्या. उलट वॉलेस सबाइन हे भौतिकशास्त्रज्ञ रात्री-रात्री जागून, ऑर्गनची नळी वाजवून, हातातल्या घड्याळावर आवाज विरायला लागणारे सेकंद मोजत. खुर्च्यांवरच्या आवाज शोषणाऱ्या गाद्या आत आणायच्या, मोजायचं. आणखी आणायच्या, पुन्हा मोजायचं. त्या अभ्यासावर बोस्टनचं सिम्फनी हॉल १९०० साली उभं राहिलं आणि आजही ते जगातल्या उत्तम सभागृहांत गणलं जातं. बाहेरून साधी विटांची इमारत आहे ती.

तिसरी घंटा:
तुम्ही दोघंही प्रेक्षकांच्या बाजूने बोलताय. मी नेपथ्य लावतो. संगमरवरी दालनाच्या एका सभागृहात सामान आत घ्यायचं दारच अरुंद निघालं. रंगवलेली भिंत आम्ही मधोमध कापली, आत नेली, पुन्हा जोडली. प्रयोगभर सांध्यावर प्रकाश पडला की रेघ दिसत होती. शिवाय रंगमंच तालमीला मिळाला फक्त सकाळचे दोन तास. बर्लिन फिलहार्मोनिक हा वाद्यवृंद ज्या सभागृहात वाजवतो, तालमीही तिथेच करतो. कुठल्या वाद्याने किती दाबून वाजवायचं, हे त्याच जागेत रोज वाजवून कळतं. आराखडा काढणाऱ्याने एकदा सामानाच्या गाडीतून उतरून आत यावं, एवढंच मागणं आहे.

पायरीवरचा:
दाराचं पटलं, दादा. छपराचा आग्रह मात्र सोडत नाही. आणि ते पायऱ्यांवरचे लोक आत शिरायचे असतील तर रोजची तालीम त्यांना बघायला खुली ठेवा, तिकिटाशिवाय.

विंगेतून:
तालीम खुली ठेवायला माझी हरकत नाही. त्यांना शेवटच्या रांगेत बसवा आणि काय ऐकू आलं ते विचारा.