‘फास्ट डेटाबेस रिकव्हरी’ला मराठीत काय म्हणावं?

कुतूहल: आयबीएमच्या आयएमएसमध्ये (मेनफ्रेमवरची डेटाबेस आणि व्यवहार सांभाळणारी प्रणाली) ‘फास्ट डेटाबेस रिकव्हरी’ (एफडीबीआर) नावाचं रीजन, म्हणजे वेगळा चालणारा सिस्टम प्रोग्राम, असतं. मराठी टिपणात ‘जलद पुनर्प्राप्ती’ लिहू का? ‘वसुली’ नको, ती थकबाकीदारांची.

लॉगवाचक: ‘पुनर्प्राप्ती’ वाचून वाटेल की इमेज कॉपी (डेटाबेसची राखून ठेवलेली प्रत) आणायची आणि तिच्यावर लॉग, म्हणजे बदलांची नोंद, चढवायचा. ते काम रिकव्हरी युटिलिटीचं. एफडीबीआर इमेज कॉपीला हातही लावत नाही.

डेटा शेअरिंगमधलं, म्हणजे तेच डेटाबेस वाटून वापरणाऱ्यांपैकी, एक आयएमएस कोसळलं की त्याच्या अर्धवट व्यवहारांची लॉक आयआरएलएमकडे (लॉक सांभाळणारा घटक) तशीच राहतात. त्या रेकॉर्डला हात लावणारा दुसऱ्या आयएमएसवरचा प्रोग्राम बहुधा यू3303 हा त्रुटी-कोड देऊन पडतो. एफडीबीआर मेलेल्या आयएमएसचा लॉग वाचतं, फुल-फंक्शन (आयएमएसच्या नेहमीच्या) डेटाबेसमधले कमिट न झालेले, म्हणजे पक्के न झालेले, बदल मागे घेतं, डीईडीबीतले (आयएमएसचा जलद प्रकारचा डेटाबेस) कमिट होऊनही डिस्कवर न पोचलेले बदल लिहून टाकतं आणि लॉक सोडतं. ‘फास्ट’ एवढ्यासाठीच, की इमर्जन्सी रीस्टार्टची (कोसळलेलं आयएमएस पुन्हा उठवण्याची) वाट बघत बाकीच्यांना ताटकळावं लागत नाही. मी ‘जलद सावरणी’ लिहीन.

रात्रपाळी: ‘सावरणी’ला माझं अनुमोदन. टिपणात मांडणीही घाला. एका आयएमएसमागे एक एफडीबीआर, तेही वेगळ्या एलपारवर (मेनफ्रेमचा स्वतंत्र चालणारा भाग). नाहीतर एलपार गेला की पहारेकरीही गेला. प्रॉकलिबमधल्या (आयएमएसच्या मांडणीची लायब्ररी) डीएफएसएफडीआर मेंबरात अ‍ॅक्टिव्हआयडी, ग्रुपनेम आणि टाइमआउट येतात. आयएमएसच्या प्रोसीजरमध्ये एफडीआरएमबीआर द्यायला विसरलात तर आयएमएस त्या एक्ससीएफ गटात (एकमेकांची हालहवाल कळणाऱ्या प्रोग्रामांचा गट) येतच नाही. ओएलडीएस आणि डब्ल्यूएडीएस (लॉगच्या फायली), रेकॉन (रिकव्हरीच्या नोंदींच्या फायली) आणि डेटाबेस दोन्ही एलपारना दिसणाऱ्या डिस्कवर हवेत. एफडीबीआरच्या युजरआयडीला डेटाबेसवर अपडेटचा अधिकार लागतो. नुसता वाचण्याचा देऊन ठेवला, तर नेमकं बॅकआउटच्या (बदल मागे घेण्याच्या) वेळी गाडं अडतं.

कुतूहल: आणि ‘टाइमआउट’? ‘कालमर्यादा’?

रात्रपाळी: चालेल, पण ती संपली म्हणजे आयएमएस मेलं असं नव्हे; फक्त शंका आली. आकडा फार लहान ठेवला तर सिस्टम जरा अडखळली तरी कन्सोलवर हाकाटी. ऑपरेटरने आयएमएस खरंच बंद आहे याची खात्री करावी आणि मगच मॉडिफाय कमांडने ‘रिकव्हर’ द्यावं. जिवंत आयएमएसच्या पायाखालचे बदल मागे घेतले तर डेटाचं वाटोळं.

लॉगवाचक: ‘इन-डाउट’ला ‘संशयित’ लिहू नका, पोलीस ठाणं आठवतं. ‘अनिर्णित’ बरं. सीआयसीएससारख्या (व्यवहार चालवणारी दुसरी प्रणाली) समन्वयकाचा निर्णय यायचा बाकी असलेले हे व्यवहार एफडीबीआर सोडवत नाही. त्यांची लॉक आयएमएस परत उठून निर्णय लागेपर्यंत राहतात, त्यामुळे एफडीबीआर चालून गेल्यावरही थोडे यू3303 दिसले तर दचकू नये.

रात्रपाळी: काम उरकलं की एफडीबीआर रीजन स्वतःच संपतं. आयएमएस वर आल्यावर ते पुन्हा सुरू करण्याची पायरी ऑटोमेशनमध्ये हवी.