टू डू मध्ये २१४ कामं, त्यातली ९१ लाल. ॲप बदलू की यादी सुधारू?

काळीमाती
नमस्कार मंडळी. दारव्हा तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीचं काम पाहते. ३०० सभासद, ऑफिसात मी आणि एक सहकारी. मायक्रोसॉफ्ट टू डू हे कामांच्या यादीचं ॲप फोनवर आणि कॉम्प्युटरवर चालू आहे. आज यादीत २१४ कामं आहेत आणि ९१ ची तारीख उलटून गेली आहे. तारीख नसली तर काम विसरतं म्हणून प्रत्येक कामाला तारीख टाकते. रोज सकाळी लाल झालेली कामं उद्यावर ढकलण्यातच १५-२० मिनिटं जातात.

यादीतल्या काही ओळी जशाच्या तशा देते, म्हणजे अंदाज येईल:

तूर
गोदाम
जीएसटी
सोयाबीन उगवण
फेरफार, गट १४२
वार्षिक सभा
फार्मर आयडी (शेतकऱ्याचा सरकारी ओळख क्रमांक; अशा ३८ ओळी, प्रत्येक सभासदाची वेगळी)

टोडोइस्ट किंवा टिकटिक अशा दुसऱ्या ॲपवर गेलं तर फरक पडेल का? मिरग तोंडावर आला आहे. एकदा पेरणी लागली की यादीकडे बघायलाही फुरसत मिळणार नाही.

डवरणी
ताई, ॲप बदलू नका, निदान जून संपेपर्यंत तरी. हीच यादी टोडोइस्टमध्ये नेली तर तिथंही ९१ लालच दिसतील.

तुम्ही तारखेचा रकाना दोन वेगळ्या अर्थांनी वापरून राहिल्या. एक अर्थ, “या दिवशी करीन म्हणते”. दुसरा, “या दिवसानंतर दंड, नुकसान किंवा कोणाचं काम अडेल”. ॲपला दोन्ही सारखेच, म्हणून जीएसटीची २० तारीख आणि “गोदाम” एकाच लाल रंगात दिसतात. महिनाभर असं चाललं की लाल रंगाकडे डोळा जाईनासा होतो आणि नेमकी जीएसटी चुकते.

तारीख फक्त दुसऱ्या अर्थाला ठेवा. पहिल्या अर्थासाठी टू डू मध्ये “माय डे” आहे. सकाळी ५-६ कामं निवडून त्यात घ्यायची. रात्री १२ नंतर ती यादी आपोआप रिकामी होते. जे राहिलं ते हरवत नाही, आपल्या मूळ यादीत असतंच, आणि दुसऱ्या दिवशी माय डे मधल्या बल्बच्या चिन्हावर दाबलं की सूचना म्हणून समोर येतं. ढकलाढकलीची १५ मिनिटं तिथंच वाचतात.

आता ९१ लाल कामांचं. हे कॉम्प्युटरवर करा, फोनवर बोटं दुखतील.

“जुनं” नावाची नवी यादी काढा. प्रत्येक यादी तारखेनुसार लावा, म्हणजे लाल कामं एका जागी येतात. पहिल्यावर क्लिक, शिफ्ट दाबून शेवटच्यावर क्लिक, मग उजवं क्लिक करून सगळी “जुनं” मध्ये हलवा. चार याद्यांना दहा मिनिटंही लागत नाहीत. मग “जुनं” वरून खालपर्यंत एकदा वाचा आणि ज्यांना खरी मुदत आहे तेवढीच परत न्या: जीएसटी, टीडीएसची ७ तारीख, परवान्याचं नूतनीकरण, बँकेचा हप्ता. ९१ मधून १०-१२ च्या वर निघणार नाहीत. बाकीच्यांची तारीख पुसून टाका. काम पुसू नका, फक्त तारीख.

परत नेलेल्या कामाला मुदत आणि आठवण वेगवेगळी लावा. टू डू मध्ये हे दोन रकाने वेगळे आहेत आणि बरेच जण आठवणीचा वापरतच नाहीत. मासिक जीएसटी भरत असाल तर मुदत २०, आठवण १४ तारखेला सकाळी १० वाजता, कारण बिलं सीएकडे पाठवायला हातात दिवस लागतात. एक धोका लक्षात ठेवा: पुन्हा पुन्हा येणारं काम “झालं” केल्यावरच पुढच्या महिन्याची ओळ तयार होते. जूनचं भरून टिक करायचं राहिलं तर जुलैचं दिसणारच नाही.

वार्षिक सभेला एकच ओळ पुरत नाही. ३० सप्टेंबरच्या आत सभा, आणि उत्पादक कंपनीला सभासदांना किमान १४ दिवस आधी लेखी नोटीस द्यावी लागते. ३०० नोटिसा गावोगाव पोचवायच्या म्हटल्यावर छपाई ऑगस्टअखेर धरा. एका कामाच्या आतल्या “स्टेप्स”ना स्वतंत्र तारीख लावता येत नाही, म्हणून नोटीस, हिशेब तपासणी आणि सभा ही तीन वेगळी कामं करा.

राहिल्या एका शब्दाच्या ओळी. “गोदाम” वाचून काय करायचं ते दर वेळी नव्यानं आठवावं लागतं, म्हणून ती ओळ महिना महिना तशीच राहते. त्याऐवजी “गोदामाचे गळणारे पत्रे मोजून मिस्त्रीला फोन” असं लिहा. शेवटी क्रियापद आलं पाहिजे, आणि तेही एका बैठकीत होईल असं.

एक आकडाही हवा आहे. “कम्प्लीटेड” यादी उघडून गेल्या १४ दिवसांत किती कामं पूर्ण झाली ते मोजा, आणि त्याच १४ दिवसांत नवी किती लिहिली तेही.

संत्रापट्टा
वरच्या सगळ्याला अनुमोदन, पण मला आधी त्या ३८ ओळी खटकल्या. फार्मर आयडीच्या ३८ ओळी म्हणजे ३८ कामं नव्हेत. ते रजिस्टर आहे, आणि रजिस्टर कामाच्या यादीत भरलं की यादी फुगते.

गूगल शीटमध्ये एक पान करा. रकाने एवढेच: सभासद, गाव, गट क्रमांक, मोबाइल, आधारला मोबाइल जोडलेला आहे का, आयडी निघाला का, अडलं कुठं. “निघाला का” या रकान्यात इन्सर्ट मेनूतून चेकबॉक्स टाका. “अडलं कुठं” मध्ये मोकळं लिहू नका, ड्रॉपडाउनमधून चारच पर्याय द्या: ओटीपी येत नाही, नाव जुळत नाही, गट दिसत नाही, मंजुरी बाकी. मग फिल्टर लावला की “नाव जुळत नाही” वाले सगळे एका जागी येतात आणि तलाठी ऑफिसला एकाच फेरीत मार्गी लागतात. मोकळं लिहिलं तर कोणी “नाव चुकलं” लिहितं, कोणी “नावात फरक”, आणि फिल्टर निकामी होतो.

टू डू मध्ये मग एकच ओळ उरते: “शीट उघडून ८ जणांना फोन”, रोज ४ वाजता. ३८ जण ५ दिवसांत होतात. सभासदांच्या नावाची जी जी कामं आहेत, शेअरची रक्कम, बियाण्याची मागणी, तुरीचं पेमेंट, ती सगळी याच पद्धतीनं बाहेर काढा. माझ्या मते २१४ पैकी निम्मी ओळींची गर्दी इथंच कमी होईल.

शीट सहकाऱ्याला देताना दुवा असलेल्या कोणालाही उघडेल असा ठेवू नका. सभासदांचे मोबाइल क्रमांक त्यात आहेत. त्यांच्या ईमेलवरच परवानगी द्या. आणि आधार क्रमांक शीटमध्ये घालूच नका.

काळीमाती
दोघांचेही मनापासून आभार. मोजून पाहिलं. १४ दिवसांत पूर्ण ७०, नवी ११२. सभासदांच्या ओळी शीटवर नेल्या, एकूण ८३ निघाल्या. आता टू डू मध्ये १३१ आहेत आणि तारीख असलेली फक्त १४.

डवरणी
८३! मग संत्रापट्टा यांचा अंदाज फार चुकला नाही.

आकड्यांवर या. रोज ५ पूर्ण होतात, ८ येतात. म्हणजे दिवसाला ३ ची भर, महिन्याला ९०. नवं एकही आलं नाही असं धरलं तरी १३१ ला ५ नं भागून २६-२७ दिवस लागतील. आत येणाऱ्या ८ मधून ३ हून जास्त कमी झाल्याशिवाय यादी खाली येणार नाही, मग ॲप कोणतंही असो. जास्त वेळ बसून ५ चे ८ करू असं ठरवाल, पण पेरणीत ते टिकत नाही.

८ मधली काही आता शीटमध्ये जातील. उरलेली कुठून येतात ते आठवडाभर पहा. बहुतेक दोनच वाटा सापडतात. पहिली, फोन आणि व्हॉट्सॲप. कोणी बोललं की लगेच ओळ लिहिली जाते. दोन मिनिटांत होणारं असेल तर लिहू नका, फोन ठेवण्याआधी करून टाका. बाकीचं “आलेलं” नावाच्या एका यादीत पडू द्या आणि संध्याकाळी एकदाच वर्गवारी करा. निम्म्या गोष्टी तोवर त्यांच्या त्यांनी मिटलेल्या असतात.

दुसरी वाट, दुसऱ्याच्या हातात असलेलं काम. “फेरफार, गट १४२” मध्ये तुमच्याकडून करायचं काहीच उरलेलं नाही, तरी ती ओळ रोज डोळ्यापुढं येते. “वाट” नावाची यादी करा आणि ओळ अशी लिहा: “तलाठी ऑफिस, गट १४२ फेरफार, अर्ज २ जून, पोच फाइलमध्ये, १८ जूनला विचारणे”. कोणाकडे, काय, कधी दिलं, पुन्हा कधी विचारायचं. पोचपावतीचा फोटो त्याच कामाला जोडा. २५ एमबीपर्यंत चालतो.

तालुक्याच्या गावची कामं “दारव्हा” यादीत आणि बँकेची “बँक” यादीत. जाण्याचा एक दिवस ठरवा. एसटीत बसल्यावर ती एकच यादी उघडायची. फोनवरची कामं रेंज नसली तरी दिसतात आणि टिकही होतात, रेंज आली की जुळतात. फक्त तेच काम त्याच वेळी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर बदलू नका, एकाचा बदल दुसऱ्यावर चढू शकतो.

पऱ्हाटी
पेरणीच्या कामांना आज तारीख टाकूच नका. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नये म्हणून कृषी विद्यापीठ दरवर्षी सांगतं, आणि तो पाऊस कधी पडेल हे कॅलेंडरला ठाऊक नसतं. १५ जून टाकाल, पाऊस २४ ला येईल, आणि मागची दहा कामं एकदम लाल होतील.

त्यासाठी दिवस मोजणारी शीट करा. बी-१ या खान्यात पेरणीची तारीख. खाली पहिल्या रकान्यात काम, दुसऱ्यात पेरणीपासूनचे दिवस, तिसऱ्यात सूत्र: बरोबरचं चिन्ह, बी-१, अधिक, शेजारचा दिवसांचा खाना. बी आणि १ या दोन्हींच्या आधी डॉलरचं चिन्ह लावा. नाहीतर सूत्र खाली ओढलं की ते बी-२, बी-३ घेत जातं आणि तारखा भलत्याच येतात.

सोयाबीनला दिवस असे धरा. उणे १५ ला उगवण चाचणी: १०० दाणे ओल्या गोणपाटात, ५-७ दिवसांनी मोजायचे, ७० किंवा जास्त उगवले तर नेहमीचं बियाणं, कमी आले तर प्रमाण वाढवायचं. शून्याला बीजप्रक्रिया आणि पेरणी. उगवणीपूर्व तणनाशक ४८ तासांच्या आत, म्हणून अधिक २ नको, अधिक १ लिहा. उगवणीनंतरचं तणनाशक १५ ते २० दिवसांत, तर १५ लिहा म्हणजे पावसानं अडलं तरी ५ दिवस हातात राहतात. कपाशीला वेगळं पान: ३० ला युरिया आणि डवरण, ४५ ला कामगंध सापळे (बोंडअळीचे पतंग पकडणारे), एकरी २. सभासदांना सापळे वाटायचे असतील तर मागणी अधिक १५ ला, कारण माल यायला वेळ लागतो.

पाऊस पडून पेरणी झाली की बी-१ मध्ये तारीख भरायची, काम आणि तारीख हे दोनच रकाने वेगळ्या पानावर घ्यायचे आणि ते पान सीएसव्ही (साध्या मजकुराची फाइल) म्हणून उतरवून गूगल कॅलेंडरमध्ये चढवायचं. यात तीन ठिकाणी गाडी अडते.

पहिल्याच ओळीत रकान्यांची शीर्षकं इंग्रजी अक्षरांतच लागतात, “सब्जेक्ट” आणि “स्टार्ट डेट”. तारीख महिना आधी, मग दिवस, मग वर्ष या क्रमानं हवी. आपल्या पद्धतीनं लिहिलेली ६ जुलै तिथं ७ जून म्हणून चढते आणि काही चुकलं असं कळतही नाही. म्हणून चढवण्याआधी शीटच्या फॉरमॅटमधून क्रम बदला. आणि चढवणं फोनच्या ॲपमधून होत नाही, कॉम्प्युटरवर सेटिंग्जमध्ये “इम्पोर्ट” आहे. सीएसव्ही एक्सेलमधून काढाल तर यूटीएफ-८ वाला पर्याय निवडा, नाहीतर मराठीची प्रश्नचिन्हं होतात. गूगल शीटमधून ही अडचण येत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं, आधी “खरीप” नावाचं वेगळं कॅलेंडर बनवा आणि त्यातच चढवा. दुबार पेरणीची वेळ आली तर ते कॅलेंडर एका झटक्यात पुसून, बी-१ बदलून, नव्यानं चढवता येतं. मूळ कॅलेंडरमध्ये चढवलं असेल तर एकेक नोंद हातानं शोधून काढावी लागते.

रात्रपाळीची लाइन
एक छोटी गोष्ट. आठवणी उशिरा वाजत असतील तर दोष यादीचा नसतो. अँड्रॉइड फोन बॅटरी वाचवायला ॲप झोपवतो. सेटिंग्ज, ॲप्स, टू डू, बॅटरी इथं “अनरिस्ट्रिक्टेड” करा. त्याच पानावर नोटिफिकेशनची परवानगी पहा, आणि अँड्रॉइड १२ पासून पुढं “अलार्म्स अँड रिमाइंडर्स” अशी वेगळी परवानगी असते तीही. काही कंपन्यांच्या फोनमध्ये “ऑटोस्टार्ट” चालू करावं लागतं. करून झाल्यावर ३० मिनिटांनंतरची एक आठवण लावा, स्क्रीन बंद करून फोन ठेवून द्या. वेळेवर वाजली तर झालं.

मोटर चालू-बंद करण्याची आठवण मात्र टू डू मध्ये रोजची म्हणून लावू नका. थ्री फेज लाइन एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रात्रीची असली की रोजची वेळ निम्मे दिवस चुकीची ठरते. दोन वेगळी कामं करा, दोन्ही दर २ आठवड्यांनी येणारी, वार निवडून. कस्टममध्ये ती सोय आहे.

काळीमाती
आठवणींची परवानगी खरंच बंद होती. खरीपचं कॅलेंडर आज करते. शेवटचं विचारते: “वाट” आणि “जुनं” या याद्या किती दिवसांनी उघडायच्या?

डवरणी
“वाट” आठवड्यातून दोनदा, तालुक्याला जायच्या आदल्या संध्याकाळी एकदा नक्की, म्हणजे कोणाला भेटायचं ते कळतं. “जुनं” दर रविवारी अर्धा तास. त्यातून जास्तीत जास्त ५ कामं बाहेर काढा. पोळ्यापर्यंत ज्याला हात लागला नाही ते सहकाऱ्याला दाखवा. दोघांपैकी कोणालाच ते कशासाठी लिहिलं होतं आठवलं नाही तर पुसून टाका.