परकीय प्रवाशांनी लिहिलेला रशिया कितपत खरा मानावा?

गिरणाकाठ (चाळीसगाव)
नमस्कार मंडळी. आमच्या वाचनालयात पुढच्या महिन्यात रशियाच्या इतिहासावर मला व्याख्यान द्यायचे आहे. त्यासाठी सोळाव्या ते एकोणिसाव्या शतकांतल्या युरोपीय प्रवाशांची वर्णने वाचताना एक गोष्ट सारखी खटकते आहे. निरंकुश राजा आणि त्याच्यापुढे वाकलेली प्रजा, याखेरीज बहुतेकांना तिथे फारसे काही दिसलेलेच नाही. वेगवेगळ्या देशांतले लोक तीनशे वर्षे एकच सांगतात म्हणून ते खरे मानावे, की प्रत्येकाने आधीच्याचे पुस्तक समोर ठेवून आपले लिहिले असे समजावे?

तापीतीर (भुसावळ)
भाऊ, उसनवारी बरीच झाली आहे आणि तिचे मूळ बव्हंशी हर्बरस्टाइनमध्ये सापडते. ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग दरबाराचा वकील, म्हणजे राजदूत, म्हणून तो १५१७ आणि १५२६ मध्ये मॉस्कोला गेला आणि १५४९ मध्ये व्हिएन्नात त्याचा लॅटिन ग्रंथ छापून निघाला. त्याचा आधार पुढच्या पिढ्यांनी घेतला, पण त्याचा सावधपणा मात्र घेतला नाही. स्लोव्हेनी ही रशियनच्या नात्यातली भाषा बोलणाऱ्या मुलखात वाढल्यामुळे त्याला रशियन बोलणे बरेचसे समजत असे, म्हणून त्याची नजर बारीक गोष्टींवर जाते. रोमन कॅथलिक पंथाच्या वकिलाला हात दिल्यानंतर राजा जवळच ठेवलेल्या तस्तात हात धुऊन घेई, हे त्याने नोंदवले आहे. आपल्याकडे सोवळे पाहिलेल्या माणसाला त्याचे नवल वाटणार नाही. प्रजा कठोर म्हणून तिला असा राजा लागतो, की राजाच्या जुलमाने ती तशी झाली, हा प्रश्न त्याने मोकळाच सोडला होता.

खानदेशी वाचक (धुळे)
भाषेइतकेच महत्त्व माणूस कोणत्या कामाने गेला होता, याला आहे. गाइल्स फ्लेचर १५८८ मध्ये इंग्लंडच्या राणीचा वकील म्हणून व्यापारी सवलतींची बोलणी करायला गेला आणि तिथे त्याची चांगलीच उपेक्षा झाली. त्याचे पुस्तक १५९१ मध्ये निघाले तेव्हा ते दडपावे म्हणून धावपळ केली ती इंग्रज व्यापाऱ्यांनीच, कारण झार रागावला तर त्यांचा धंदा बसला असता. फ्रेंच उमराव कुस्तीन याची गोष्ट उलटी आहे. त्याचे वडील आणि आजोबा क्रांतीत गिलोटिनखाली गेले होते, म्हणून १८३९ मध्ये तो राजेशाहीच्या बाजूचे पुरावे शोधायला रशियात गेला आणि तिचा टीकाकार होऊन परतला. त्याला रशियन येत नव्हते, मुक्कामही काही महिन्यांचाच होता. तरीही हर्झनसारख्या रशियन विचारवंताला त्याचे पुस्तक परकीयांनी लिहिलेल्या पुस्तकांत उजवे वाटले. त्यामुळे तापीतीर यांचा भाषेचा निकष मला पुरेसा वाटत नाही.

सातपुड्याचा पायथा (शहादा)
उलट बाजूचे एक उदाहरण जोडतो. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात रशियातल्या त्वेर शहराचा व्यापारी अफनासी निकितीन विकण्यासाठी एक घोडा घेऊन चौलला उतरला आणि पुढे जुन्नरला गेला. इथले लोक उघड्या अंगाने फिरतात, डोके झाकत नाहीत, केसांची वेणी घालतात, असे तो लिहितो. आणि आपण जाऊ तिथे गोरा माणूस बघायला लोक मागे येतात, हेही लिहितो. जुन्नरच्या खानाने त्याचा घोडा काढून घेतला आणि धर्म बदललास तर तो परत देतो, असे सांगितले. एवढ्यावरून तो आपल्या पूर्वजांचे काय मत घेऊन गेला असेल, याचा अंदाज करावा. आपल्या भागाबद्दल बोलायचे तर १८८० चे खानदेश गॅझेटियर वाचावे. भिल्लांचा विषय निघाला की लिहिणारा बंदोबस्ताच्या भाषेत शिरतो, कारण १८२५ मध्ये भिल्ल पलटण उभारणाऱ्या सरकारचाच तो माणूस होता. त्यातली गावे, नद्या, पिके आपण विश्वासाने वापरतो, पण माणसांचे स्वभाव वापरताना थबकतो. फ्लेचर आणि कुस्तीन यांनाही मी हाच नियम लावीन.

गिरणाकाठ (चाळीसगाव)
सर्वांचे आभार. आता सुरुवात हात धुण्याच्या तस्तापासून करीन आणि निकितीनच्या घोड्याला मध्ये जागा देईन. वाचनालयाने चाळीसच मिनिटे दिली आहेत, तेव्हा कुस्तीनला पाच मिनिटांत आटोपावे लागेल.