कच-देवयानी वर्गात कुठवर सांगायची?

खडूची धूळ
अकरावीला मराठी शिकवतो. गेल्या आठवड्यात ओघात कच-देवयानीची गोष्ट निघाली. देवांकडे संजीवनी विद्या नाही, म्हणून बृहस्पतीचा मुलगा कच असुरांच्या गुरूकडे, शुक्राचार्यांकडे, शिकायला येतो. असुर त्याला पुन्हा पुन्हा मारतात, देवयानी बापापाशी हट्ट धरते आणि तो जिवंत होतो. शेवटी त्याची राख मद्यात कालवून गुरूलाच पाजतात. इथवर मुलं कान टवकारून ऐकत होती. मग पोटातच त्याला विद्या मिळते, तो पोट फाडून बाहेर येतो, गुरूला जिवंत करतो, परत निघतो, ती लग्नाचं विचारते, तो नाही म्हणतो, ती शाप देते. मागच्या बाकावरून एका मुलीने विचारलं, "सर, मग इतकी वर्षं तो तिच्याशी गोड वागला कशाला?" घंटा झाली तरी कुणी उठेना.

दुसऱ्या दिवशी पालकांचा फोन. अभ्यासक्रमात नसलेली प्रेमप्रकरणं वर्गात कशाला? वरिष्ठांनी समजुतीच्या सुरात सुचवलं, गोष्ट सांगा, पण 'विद्या मिळाली' इथे थांबा.

मला ते पटत नाही. महाभारताच्या आदिपर्वात देव कचाला पाठवतानाच सांगतात की देवयानीला संतुष्ट कर, म्हणजे विद्या हमखास मिळेल. तो तिच्यासाठी गातो, नाचतो, वाद्यं वाजवतो, फुलं-फळं आणून देतो. थोडक्यात, त्याचा प्रवेशअर्ज तिच्या मनातून गेलाय. तिची इच्छा गाळली तर उरतो एक हुशार विद्यार्थी आणि एक मदतीला तत्पर मुलगी. ही संस्कारकथा नाही, ही खाडाखोड आहे.

दोन मुलांची आई
तो फोन माझा नव्हता, पण असू शकला असता. सर, गोष्टीला माझी हरकत नाही. ती माझ्या आजीनेही मला सांगितली होती. पण ती आजी होती आणि ओसरीवर आम्ही तिघी नाती. तुमच्या वर्गात साठ जण, त्यात निम्मे मुलगे. ज्या मुलीने प्रश्न विचारला तिला दुसऱ्या दिवशी जिन्यात 'देवयानी' म्हणून हाक आली नसेल असं छातीठोक सांगता येईल तुम्हाला? तुमचा तास पंचेचाळीस मिनिटांचा. ते नाव तिला बारावीपर्यंत पुरेल.

पळसपान
सरांनी अर्धाच आदिपर्व सांगितला. नकार देताना कच काय म्हणतो तेही सांगा. ज्या कुशीतून तू आलीस, त्याच शुक्राचार्यांच्या पोटात मीही राहिलो, म्हणून तू बहीण. गुरुपुत्री आहेस म्हणून नाही म्हणतोय, तुझ्यात दोष आहे म्हणून नव्हे. आणि गुरूंनी तशी आज्ञाही दिलेली नाही. सोळाव्या वर्षी मुलांनी हे ऐकायलाच हवं: समोरून इच्छा आली, सोय आहे, कुणी अडवत नाही, तरी माणूस थांबू शकतो.

पुढे देवयानीचं लग्न ययातीशी होतं, आणि तारुण्य उसनं घेऊन हजार वर्षं भोगल्यावर तोच ययाती म्हणतो, न जातु कामः कामानामुपभोगेन शाम्यति. तूप ओतून आग विझत नाही. शिकवायचं तर तिथपर्यंत न्या.

उंबरठा
पळसपान काका, ती गुरूची मुलगी आहे हे कचाला पहिल्या दिवशी माहीत नव्हतं का? पाचशे वर्षं तो गात-नाचत होता तेव्हा बहीण आठवली नाही. आठवली ती विद्या गाठीशी बांधल्यावर. पोटात राहिल्याचा मुद्दा वकिली आहे. कोर्टात टिकेल, अंगणात नाही.

पण सर, तुमच्याशीही भांडण आहे. तुमच्या सांगण्यात देवयानी बिचारी होते. तो 'नाही' म्हणाला आणि तिने काय केलं? त्याची विद्या फळणार नाही असा शाप दिला. आज नकार मिळाला की मुलगे काय काय करतात ते आपण पेपरात वाचतो. इथे तेच मुलीने केलंय, आणि आपण तिची बाजू घेतोय कारण तिचं दुखणं खरं आहे. दुखणं खरं असतं तेव्हाही शाप चुकीचाच असतो. माझ्या मुलाला नेमकं हेच शिकवणारं माणूस मला हवंय, म्हणून मी म्हणते की गोष्ट पूर्णच सांगा.

कट्ट्यावरचा
एवढ्या रामायणातून (बरं, महाभारतातून) शुक्राचार्य काय शिकले? ब्राह्मणाने दारू पिऊ नये! मुलीचं मन गुंतलंय, शिष्य पोट फाडून बाहेर आलाय, आणि गुरुजी दारूबंदी जाहीर करतात. खाडिलकरांनी १९१३ साली 'विद्याहरण' नाटकात हाच धागा पकडला. पालकांची तक्रार नको असेल तर सर, व्यसनमुक्तीचा पाठ म्हणून घ्या, टाळ्या मिळतील.

बोरूबहाद्दर
खांडेकरांनी हीच माणसं 'ययाति'त घेतली (१९५९) आणि कचाला जवळजवळ संत केलं. पण एक गंमत बघा. तिथे ययाती, शर्मिष्ठा आणि देवयानी आपापली कहाणी स्वतः सांगतात. कचाला निवेदकाची जागा नाही. ज्यांना काहीतरी हवं होतं त्यांनाच आतून बोलता आलं. मराठीला पहिलं ज्ञानपीठ मिळवून देणारी ही कादंबरी किती घरांत आहे, आणि वर्गात मात्र 'विद्या मिळाली' इथे थांबा!

दुसरं, नीती टिकवायला ज्ञान झाकायचं ही आपली जुनी खोड. र. धों. कर्वे गणिताचे प्राध्यापक. संततिनियमनाचा प्रचार करतात म्हणून त्यांना विल्सन कॉलेज सोडावं लागलं. १९२७ साली त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं आणि मरेपर्यंत चालवलं.

दोन मुलांची आई
कर्व्यांचं नाव आलंच! कर्व्यांनी आडपडदा ठेवला नाही. विषयाचं नाव घेऊन, शास्त्र म्हणून सांगितलं. असं कुणी शाळेत येऊन सांगणार असेल तर पहिली सही माझी. २००७ साली आपल्या सरकारने शाळेतलं लैंगिक शिक्षण बंद केलं तेव्हाही मला ते आवडलं नव्हतं. पण गोष्टीच्या आडून मुलांची मनं चाचपायची, त्यातून काय बाहेर येतंय ते बघायचं आणि घंटा झाली की निघून जायचं, याला मी शिक्षण म्हणणार नाही. बाहेर आलेलं निस्तरतं कोण? घरी आम्ही.

खडूची धूळ
ताई, तुमचा पहिला प्रतिसाद वाचून शिपाईमामांना विचारलं. हाक आली होती. दोन मुलांनी, जिन्यातच. मला माहीत नव्हतं. त्या दोघांशी बोललो, तिच्याशीही. ती म्हणाली, "सर, चिडवलं म्हणून गोष्ट अर्धी ठेवू नका." तिच्या या वाक्यामागे मी लपणार नाही. चूक माझी होती. प्रश्न आला तेव्हा तो सगळ्या वर्गाचा करायला हवा होता, तो एकीच्या अंगावर राहिला.

म्हणून काल नाव न लिहिता चिठ्ठ्या मागितल्या. कचाची नेमकी कुठली कृती खटकली, देवयानीची कुठली, एवढंच. बऱ्याच जणांनी उंबरठा यांच्यासारखं दोघांनाही धरलं. एकाने लिहिलं, कचाचा उलट शाप (कोणताही ऋषिपुत्र तुझ्याशी लग्न करणार नाही) हा सगळ्यांत नीच, कारण तोवर तो सज्जन वाटत होता. एकाला वेगळंच सुचलं: कचाची विद्या त्याला फळणार नाही, पण तो ज्याला शिकवेल त्याला फळेल, म्हणजे मास्तर झाला की. यावर मी खूप हसलो, मग हसू आलं नाही.

एक चिठ्ठी मात्र अजून खिशात आहे. "ती दोघं भांडत होती तेव्हा शुक्राचार्य कुठे होते?" पळसपान काका, तुम्ही मूळ वाचलंय. कुठे होते?

पळसपान
कच त्यांची अनुज्ञा घेऊन निघालेला होता. त्या संवादात ते नाहीत. दोन्ही शाप होऊन कच स्वर्गात पोचेपर्यंत ते कुठेच नाहीत.